भांडणाचं इंग्रजी

वरसेला आमच्या आळीत दुपारी कुणी नवा माणूस शिरला की हमखास थबकायचा. एका ओट्यावर सहा-सात बायका बसलेल्या. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या पुढ्यात सोलायला घेतलेले भिजवलेले वाल. आणि त्यातल्या दोघी एकमेकींच्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी हळू आवाजात, इंग्रजीत भांडतायत.

"रिमूव्ह युवर बकेट."

"व्हाय शुड आय?"

"आय केम फर्स्ट."

"हू टोल्ड यू?"

आणि भिंतीला टेकून पोह्याचा पापड मोडत बसलेल्या एक किडकिडीत बाई मधेच म्हणायच्या, "आवाज खाली. ओरडायला मराठी आहे. इंग्रजीत हळू भांडायचं, म्हणजे समोरचा घाबरतो."

त्या आमच्या बाई. मूळच्या पेणच्या. तिथल्या एका मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवून, निवृत्तीला अजून अवकाश असताना, एक दिवस नोकरी सोडून इकडे रोह्याजवळ येऊन राहिल्या होत्या. घर मावशीचं. मावशीला मूलबाळ नव्हतं आणि बाईंनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे ते दोघींनाही पुरून उरलं होतं. मनगटावर पुरुषी घड्याळ, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि पेणहून भाच्याने पाठवलेल्या पोह्याच्या पापडांचा डबा कायम हाताशी. सकाळी रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की त्या निवेदकाशीही भांडायच्या. तो काहीतरी सांगायचा आणि बाई आतून विचारायच्या, "हू टोल्ड यू?" तो बिचारा पुढची बातमी द्यायचा. "बघितलंस, उत्तर नाही," असं शेजारणीला खिडकीतून कळवलं जायचं.

तेव्हा धाटावला कंपन्या येऊन थोडी वर्षं झाली होती. आमचे सगळ्यांचे नवरे तिथे शिफ्टला जायचे. कुठून कुठून आलेल्या बायका आम्ही. मी रोह्याच्या आतल्या बाजूच्या खेड्यातली, भात-वाल पिकवणाऱ्या घरातली, मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटलेली. पण तोरा असा की जणू इंग्रजीच माझ्यात आपटलं होतं. लग्नात आलेली काळी पर्स, जिच्यात एक रुमाल आणि एक कंगवा याशिवाय काही नव्हतं, ती काखेत मारून मी नळावर जायची. हो, नळावर. पाणी भरायला. आज माझी नात तो किस्सा ऐकून लोळते, पण तेव्हा मला त्यात काही विनोदी वाटत नव्हतं.

बाई फुकट शिकवतात हे कळल्यावर मी ती पर्स घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले आणि मला येत असलेला एकुलता एक इंग्रजी शब्द काढला.

"बाई, प्लीज, मला शिकवाल का?"

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मी रडकुंडीला आलेली. ओट्याच्या कडेला हिरा बसली होती. ही हिरा पेणच्या खाडीकडची, मिठागरातल्या माणसांची लेक, जिभेची धार अशी की मासा आपणहून साफ व्हावा. ती फिस्सकन हसली.

"काय गो, काय बोललीस तू त्यांना?"

"प्लीज म्हटलं."

"मेलीस! त्यो शब्द हितं चालत नाय. परत जा. दार वाजव न् सांग, मना शिकवा. फुडं काय बोलू नको."

मी दार वाजवलं. "मला शिकवा," म्हटलं. बाई म्हणाल्या, "का?" मी पर्स या काखेतून त्या काखेत घेतली. बाई म्हणाल्या, "उद्या कारण घेऊन ये. आणि एक भांडण."

भांडण हीच त्यांची फी. प्रत्येकीने रोज एक खरं भांडण आणायचं. नळावरचं, रेशनच्या रांगेतलं, एसटीतलं, नणंदेशी झालेलं, कुठलंही. ते आधी मराठीत सांगायचं, मग दोघींनी समोरासमोर इंग्रजीत परत करायचं. एखादीकडे भांडण नसलं की बाई खरंच काळजीने विचारायच्या, "कालचा दिवस मग केलास तरी काय?" जिंकेल तिला पापड. लिहायचं काही नाही. पाटी नाही, वही नाही. "कागदावर भांडण होत नाही," त्या म्हणायच्या, "कागदावर अर्ज होतो."

प्लीज, सॉरी, थँक यू आणि काइंडली. "ही चार मंडळी माझा ओटा चढायची नाहीत," असं त्यांनी बजावलेलं. एकदा एका नव्या मुलीने चुकून सॉरी म्हटलं तर बाईंनी विचारलं, "काय केलंस?" ती म्हणाली, "काही नाही." "मग सॉरी कशाचं? जन्माला आलीस त्याचं?" ती पोर पुन्हा म्हणून सॉरी म्हणाली नाही. निदान त्या ओट्यावर तरी नाही.

हिरा आमच्यातली हुशार. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं वाक्य तिच्या जिभेवरून हलायचं नाही. माहेरून येताना पेण-रोहा गाडीत सुक्या मासळीची टोपली वर चढवू देईना म्हणून कंडक्टरशी तिचं वाजलं. हिराने आवाज खाली घेतला आणि म्हणाली, "धिस इज माय बास्केट. धिस इज माय तिकीट. व्हॉट इज युवर प्रॉब्लेम?" कंडक्टरने म्हणे इकडे तिकडे बघितलं आणि गुपचूप टोपली स्वतःच वर ठेवली. वडखळला गाडी थांबली तेव्हा त्याने तिला विचारलंसुद्धा, "ताई, तुम्ही कुठल्या खात्यात?" त्या दिवशी हिराला दोन पापड मिळाले आणि मला रात्रभर जळजळ.

मग मीही पराक्रम करायचा ठरवला. सुट्टीत गावाला गेले, तेव्हा सासूबाईंनी मला चुलीपाशी नेहमीसारखं ऐकवलं, की शहरात राहून भाकरी जाड थापायला लागलीस. मी भाकरी खाली ठेवली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि हळू, अगदी हळू आवाजात म्हटलं, "धिस इज माय भाकरी. डोन्ट टॉक." सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग शेजारणीला हाक मारली, "अगो ये गो लवकर, पोरीला काय तरी लागलं वाटेत!" आणि दोघींनी मला पाटावर बसवून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मोहऱ्या चुलीत तडतडल्या, खकाणा उठला, मला ठसका लागला. "बघ, निघालं," शेजारीण म्हणाली.

ही हार की जीत, यावर ओट्यावर बराच खल झाला. शेवटी बाईंनी निकाल दिला, "ती मागे सरली ना? मग जीत." आणि मला माझा पहिला पापड मिळाला.

असं हसतखेळत चाललं होतं, तोवर आमच्या घरात खोकला शिरला. आमचे हे ज्या खात्यात होते तिथे वास फार. आधी नुसतं ठसकायचे, मग जिना चढताना थांबायला लागले. डॉक्टर म्हणाले, प्लँटमध्ये पाऊल टाकायचं नाही. हे घरी बसले. भोंगा झाला की हे सवयीने उठून उभे राहायचे आणि मग आठवण होऊन परत बसायचे. मला ते बघवायचं नाही. कंपनीतल्या साहेबांनी निरोप दिला की घरातलं कुणी कामाचं असेल तर पाठवा. टेलिफोनच्या बोर्डावर जागा होतेय, थोडंफार इंग्रजी बोलता आलं पाहिजे.

थोडंफार इंग्रजी! मी धावत ओट्यावर गेले. ही नोकरी मिळाली तर आम्ही वरसेला राहणार होतो, यांचं औषधपाणी रोह्यात होणार होतं. नाही मिळाली तर खोली सोडून गावाला, सासूबाईंच्या चुलीपाशी. आणि तिथे खोकल्याला औषध एकच, मीठ-मोहऱ्या.

बाईंचे डोळे असे चमकले की जणू त्यांनाच बोलावणं आलंय. त्यांच्या ओट्यावरची बाई पहिल्यांदाच साहेबासमोर बसणार होती. दुसऱ्या दिवसापासून माझी एकटीची शिकवणी. बाई साहेब व्हायच्या, मी मी व्हायची.

"साहेब म्हणेल, तुला नोकरी देता येत नाही. तू काय म्हणशील?"

"व्हाय?"

"साहेब म्हणेल, नंतर कळवतो."

"व्हेन? से द डे."

"साहेब म्हणेल, तुला जमणार नाही."

"हू टोल्ड यू?"

"आणि शेवटी थँक यू म्हणून तुला वाटेला लावायला बघेल."

"डोन्ट थँक मी. डू इट."

हे शेवटचं वाक्य म्हणजे आमच्या ओट्यावरची वरची इयत्ता. ते म्हणायला मिळावं म्हणून बायका जीव टाकायच्या.

बोलावण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी मला थांबवून घेतलं. बाकीच्या पांगल्या होत्या. मला वाटलं अजून एखादं वाक्य देणार. पण बाई पापडाचा डबा मांडीवर घेऊन, तो न उघडताच, म्हणाल्या, "मी पेणहून का आले, तुम्ही सगळ्याजणी काय म्हणता त्याबद्दल?"

मी म्हटलं, "कुणी म्हणतं तब्येत, कुणी म्हणतं भांडण."

"भांडण झालं असतं तर आलेच नसते." त्या जरा हसल्या. "हेडमिस्ट्रेस व्हायची पाळी माझी होती. सगळ्या शाळेला ठाऊक होतं. शाळेच्या चालकांनी मला खोलीत बोलावलं आणि सांगितलं की दुसऱ्याला नेमतोय. माझ्यापेक्षा कितीतरी मागून आलेला माणूस. सांगितलं इंग्रजीत, म्हणजे त्यांना मराठीत सांगायची लाज वाटत होती. सगळ्या तालुक्यात माझ्याइतकं इंग्रजी कुणाला येत नव्हतं गं. मला एकच शब्द हवा होता, व्हाय. तोंडातून निघालं काय? थँक यू, सर."

बाईंनी डब्याचं झाकण उगाच दाबून घट्ट केलं.

"वर बाहेर येताना दार हळू लावलं मी. आवाज होऊ नये म्हणून." त्या उठल्या. "पोरींना इतकी वर्षं शिकवलं काय? आय बेग टू स्टेट. युवर ओबीडिएंट सर्व्हंट. भीक मागायला शिकवलं, तेही सुवाच्य अक्षरात. जा आता. उद्या केसाला तेल कमी लाव."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः धाटावपर्यंत आल्या आणि गेटासमोरच्या टपरीवर चहा घेऊन बसल्या. मी पर्स काखेत मारून आत गेले.

आता घोळ काय झाला सांगते. आमची सगळी तयारी नाही म्हणणाऱ्या साहेबाची होती. आणि हा साहेब निघाला हो म्हणणारा. दक्षिणेकडचा, कपाळाला बारीक गंध, आवाज मऊ. त्याने यांची फाइल बघून मनातल्या मनात मला नोकरी देऊन टाकलेली होती, नुसतं दोन शब्द बोलून घ्यायचे होते. त्याने खुर्ची दाखवली आणि विचारलं, टेल मी अबाउट युवरसेल्फ.

मला माझ्याबद्दल भांडता येत होतं. सांगता येत नव्हतं. आमच्या ओट्यावर असं कुणी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. जे होतं ते मी काढलं. आवाज खाली, डोळ्यांत डोळे.

"व्हाय डू यू वॉन्ट टू नो?"

साहेब दचकला. कोपऱ्यातल्या कारकुनाने टायपिंग थांबवलं. साहेब हसून म्हणाला, की तुमचे मिस्टर चांगले कामगार होते.

"हू टोल्ड यू?"

मग त्याने विचारलं की सेकंड शिफ्टला येता येईल का, घरी चालेल का. त्यावर मला नळावरचं एक हमखास जिंकणारं वाक्य आठवलं. ते हिराचं होतं, पण मी ते वापरलं.

"आस्क युवर ओन वाइफ."

कारकुनाला खोकला आला. साहेब पाणी प्यायला. वी विल लेट यू नो, तो म्हणाला. व्हेन, मी म्हटलं, से द डे. आणि शेवटी तो बिचारा उठून, दाराकडे हात करून थँक यू म्हणाला. तो क्षण आला होता. मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "डोन्ट थँक मी. डू इट."

बाहेर आले ती तरंगत. मला वाटत होतं मी किल्ला घेतला. टपरीवर बाईंच्या समोर बसून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पहिल्या वाक्याला बाई मोठ्याने हसल्या, दुसऱ्याला चहा सांडेपर्यंत हसल्या. तिसऱ्याला थांबल्या.

"तो काय म्हणत होता आधी? नीट सांग."

मी नीट सांगितलं.

"म्हणजे तो देत होता," बाई म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. चहा घे."

चार दिवसांनी तो कारकून यांना रस्त्यात भेटला. म्हणाला, "वहिनी भारी हायत, पण साहेब बोलला बोर्डावर नको. मुंबईचा फोन आला न् वहिनींनी मालकालाच विचारलं तुला कोनी सांगितलं, तर?" हे घरी येऊन भिंतीला टेकले. रागावले नाहीत. रागावायला दम लागतो. नुसतं म्हणाले, "जाऊ दे. गावाला जाऊ. वाल पेरू. त्याला कुठं माझ्या दमाची गरज हाय." मी पिशव्या काढल्या.

ते कळल्यावर बाई आमच्या खोलीवर आल्या. पहिल्यांदाच. यांच्याकडे पाहिलं, काढलेल्या पिशव्यांकडे पाहिलं. मला म्हणाल्या, "चल."

अंगावर पेणच्या शाळेतली असावी अशी कडक इस्त्रीची साडी होती. गेटावर त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, आम्हाला आत सोडलं. मला त्यांनी साहेबाच्या दाराबाहेर उभं केलं. दार अर्धवट उघडं होतं. मला वाटलं आता होणार! आता बाई त्या साहेबाला अशा काही हळू आवाजात उभा कापणार की मी जन्मभर सांगत राहीन. मी कानात प्राण आणून उभी.

बाई बोलल्या. तसं इंग्रजी मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतर बोर्डावर एवढ्या साहेबांचं ऐकलं तरी त्यांच्यातही कुणाचं तसं नव्हतं. वाहत्या पाण्यासारखं. मला सगळं कळलं नाही. पण चार शब्द मात्र ओळखीचे होते, ओट्यावर ज्यांना बंदी होती तेच. सॉरी. काइंडली. प्लीज. मग आणखी एकदा प्लीज. चूक मुलीची नाही, शिकवणाऱ्याची आहे, असं काहीतरी. फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. किडकिडीत पाठ, थोडी वाकवलेली. साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला होता, एवढ्या मोठ्या बाई आपल्यापुढे वाकतात म्हणून त्यालाच कसंसं झालेलं दिसत होतं. तो हात जोडून म्हणाला की पुढच्या महिन्यात परत पाठवा. आणि बाई म्हणाल्या, "थँक यू, सर."

दार त्यांनी हळू लावलं.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. तिकिटं काढून झाल्यावर म्हणाल्या, "पाहिलंस? किती चटकन झालं."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बाई, तुमचं इंग्रजी काय छान हो!" आणि लगेच मनात, ड्यूटीवर नेसायला गुलाबी साडी बरी की आकाशी, याचा विचार करायला लागले. ही मी. हिच्या हातात तेव्हा कुणी पर्सऐवजी आरसा द्यायला हवा होता. पण आरसा दिला असता तर हिने त्यात केसच नीट केले असते.

महिनाभर बाईंनी मला प्लीज शिकवलं. कुठे म्हणायचं, कसं म्हणायचं, वाक्याच्या आधी की नंतर. सॉरी सर, होल्ड ऑन सर, काइंडली रिपीट सर. शिकवताना त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत, समोरच्या आंब्याकडे बघायच्या. हिरा चारेक दिवस ऐकत बसली. मग टोपली उचलून उभी राहिली.

"बाई, ह्यो कोनाचा इंग्रजी?"

"नोकरीचं," बाई म्हणाल्या.

"मना नाय पायजे ह्यो. माज्या टोपलीला काय नोकरी नाय लागायची." आणि गेली. बाईंनी तिला थांबवलं नाही. भांडल्याही नाहीत.

मला नोकरी लागली. ती बातमी वरसेभर झाली आणि बाईंच्या ओट्यावर पोरींची रीघ लागली. सगळ्यांना तेच हवं होतं, जे मला मिळालं होतं. वह्या आल्या. पेनं आली. एकदा मी ड्यूटीवरून येताना पाहिलं तर पोरी माना खाली घालून अर्ज लिहितायत आणि बाई सावकाश सांगतायत, "आय बेग टू स्टेट." त्यांनी मला पाहिलं. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. पापडाचा डबा कुठे दिसला नाही.

हे आणखी बरीच वर्षं जगले. रोह्याच्या डॉक्टरांमुळे आणि माझ्या पगारामुळे जगले, यात शंका नाही. आमच्या पोरांची शिक्षणं झाली. ते सगळं बाईंच्या त्या वाकलेल्या पाठीवरून झालं. मी ते नाकारलं असतं का? नसतं. आजही नाकारणार नाही. म्हणूनच तर टोचत राहतं. चुकीचं काही घडलं असतं तर एकदा रडून मोकळी झाले असते. बोर्डावर बसून रोज किती वेळा प्लीज आणि किती वेळा सॉरी म्हटलं, त्याला हिशोब नाही. घसा त्या शब्दांना असा सवकला की घरात मांजर आडवं आलं तरी मी सॉरी म्हणायची. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. ती प्लीज म्हणत नाही अशी तिच्या बाईंची तक्रार येते. तिची आई तिला ओरडते, आणि मी स्वयंपाकघरात नेऊन तिच्या हातावर लाडू ठेवते. सुनेला हे माहीत नाही. हे वाचून कळलं तर कळो.

पुढे बाई ओट्याच्या पायरीवरून पडल्या. भाचा येऊन त्यांना पेणला घेऊन गेला. ओटा बंद झाला. पेण काही लांब नाही. पण आज ड्यूटी, उद्या यांचा दवाखाना, परवा पाहुणे, असं करत माझं जाणं राहिलं. एकदा हिरा बाजारात भेटली, म्हणाली, "गेलतीस का गो बाईंना बघायला?" मी म्हटलं, जाईन. ती म्हणाली, "मी गेलते. तू जा."

कंपनीत बोर्ड काढून नवी यंत्रं बसवली, त्या वर्षी मी गेले. भाच्याचा गणपतींचा कारखाना. हंगाम तोंडावर आलेला. पुढच्या खोलीत, पडवीत, जिन्याखाली, जिथे तिथे पांढरे गणपती, अजून रंग न लागलेले. त्यांच्यामधून वाट काढत आत गेले तर एका भिंतीशी खाट आणि खाटेवर बाई. केस पांढरे, हात मांडीवर घेऊन नीट बसलेल्या. घड्याळ नव्हतं. मला ओळखलं. "ये," म्हणाल्या, "बस. कशी आहेस? घरचे बरे आहेत ना?"

भाचेसून लगबगीने बाहेर आली. चांगली होती पोरगी, हातांना माती, चेहरा हसरा. "तुम्ही रोह्याच्या का? आत्या लय शांत हो. कधी काय मागणं नाय, कशाला नाय म्हणणं नाय. आवाज म्हणून नाय त्यांचा घरात. हंगामात खाट हलवतो आम्ही इकडून तिकडे, तरी काय बोलत नाय." आणि चहा ठेवायला आत गेली.

मी बाईंना नोकरीचं सांगितलं, पोरांचं सांगितलं. त्या प्रत्येक वाक्याला "छान" म्हणत होत्या. "फार छान." मला ते "छान" ऐकवेना. मी म्हटलं, "बाई, मला तुम्ही ते प्लीज शिकवायला नको होतं."

"हो गं," त्या म्हणाल्या. "नसेल शिकवायला हवं."

चहा आला. कपात साय धरलेला, कोमट. सून पलीकडे ओल्या मूर्तीपाशी जाऊन बसली. काय अंगात आलं कोण जाणे. मी कप खाली ठेवला, बाईंच्या डोळ्यांत डोळे घातले आणि आवाज अगदी खाली घेऊन म्हटलं, "धिस टी इज कोल्ड. हू मेड इट? कॉल हर."

बाईंच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी पाहिलं, खोटं नाही सांगत. मान ताठ झाली. ओठ उघडले. मी वाट बघत होते, म्हणत होते, भांडा, बाई, माझ्याशी भांडा, मला हाकला इथून.

पलीकडून सूनबाईंनी मान वर केली. "काय म्हणतात हो आत्या, या?"

बाईंनी हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला. हलका हात, पण दाबून.

"काही नाही गं," त्या तिला म्हणाल्या, "चहा फार छान झालाय म्हणते."

सूनबाई खूश झाल्या. उठून आत गेल्या आणि आणखी अर्धा कप घेऊन आल्या. तोही मी प्यायले.